बोडक्या माळावरची पेठ

सत्कार आहे म्हटल्यावर तांबटकाकांनी आधी दाढी केली, कपाटातला इस्त्रीचा सदरा काढला, आणि मग परत फोन लावून विचारलं, "पण कशाबद्दल हो?"

विचारायलाच हवं होतं. माणसाचं वय एकाहत्तर, आणि पेपर बंद पडून वीस वर्षं झालेली. तालुक्याचा वार्ताहर म्हणून अंबादास तांबटांनी तेवीस वर्षं बातम्या दिल्या. पाऊस, अपघात, ग्रामसभेतल्या मारामाऱ्या, पाण्याचे टँकर, काय म्हणाल ते दिलं. तेव्हा कुणी साधा नारळ हातावर ठेवला नव्हता. आणि आता २०४६ साली पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयातून एक बाई अदबीनं सांगत होत्या की काका, आम्हीच तुमच्याकडे येतो, तुमच्या वसाहतीच्या सभागृहातच कार्यक्रम ठेवू.

वसाहत म्हणजे नवं धानोरं. जुनं धानोरं धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा, पंधरा वर्षांपूर्वी, त्यातली चौसष्ट घरं सरकारनं इथं आणून बसवली. काकांची मुलगी प्रणिता धानोऱ्यात दिलेली. काकू गेल्यावर काका लेकीकडे राहायला आले, ते अंगणालगतच्या खोलीत. जावई दिगंबर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरायचं काम करायचा. भला माणूस, सासऱ्याला कधी जड मानलं नाही.

तर सत्कार झाला. शाल आली, श्रीफळ आलं. डॉक्टर ऋतुजा शेंडगे नावाच्या, जेमतेम पस्तिशीच्या त्या बाई मोठ्या उत्साहानं बोलायला उभ्या राहिल्या.

"तुम्ही 'हाट'चं नाव ऐकलं असेल," त्या म्हणाल्या. "हाट म्हणजे आमची संगणक प्रणाली. आजवर कुठं कुठं जुनी वस्तू सापडल्याचं जाहीर झालं, ते सगळं ती वाचते. जुने पेपर, गॅझेटियर, संग्रहालयांच्या नोंदवह्या, लोकांनी मोबाईलवर टाकलेले फोटो, सगळं. एका नोंदीवर कुणी विश्वास ठेवू नये, ती चुकीची असू शकते. पण लाखभर नोंदी एकत्र आल्या की चुका एकमेकींना खोडतात आणि खरं तेवढं वर येतं."

लोक ऐकत होते. पुढच्या रांगेतल्या बायका काकांच्या शालीकडे बघत होत्या.

"आता बाजार कसा ओळखायचा? घरात माणूस मडकी फोडतो, चुली सोडून जातो. बाजारात माणूस बारीकसारीक हरवतो. सुटी तांब्याची नाणी, मणी, फुटकं वजन, लांबून आलेल्या बरणीचं खापर. एकाच जागी दहा ठिकाणची माती सापडली, की समजायचं तिथं दहा ठिकाणची माणसं येत होती. शिवाय लादलेला बैल दिवसाला पाच-सहा कोस चालायचा. म्हणजे दोन पेठा साधारण तेवढ्या अंतरावर असणार. या भागात यादवांच्या काळातल्या दोन पेठा आपल्याला माहीत आहेत, पण त्यांच्यामध्ये बारा कोसांचं रिकामं अंतर होतं. मधली पेठ कुणाला सापडत नव्हती. ती हाटला सापडली. आणि ती सापडली ती केवळ तांबटकाकांच्या एकोणतीस बातम्यांमुळे!"

टाळ्या झाल्या. मागच्या पडद्यावर नकाशा उजळला, दोन टिंबांच्या बरोबर मध्ये तिसरं लाल टिंब लुकलुकायला लागलं. खाली नाव होतं, 'बोडका माळ'.

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. टाळ्या वाजवणाऱ्या चौसष्ट घरांना अजून कळलं नव्हतं की आपण बसलोय तो बोडका माळच आहे. पंधरा वर्षांत ते नाव पार पुसलं गेलं होतं, सगळे नवं धानोरंच म्हणायचे. काकांना मात्र ते नाव चांगलंच ठाऊक होतं. का नसावं? एकोणतीस वेळा त्यांनीच ते लिहिलं होतं, आणि एकोणतीसही वेळा ते धादांत खोटं होतं.

ते असं झालं होतं. पहिल्या वर्षी, तरण्या अंगाच्या खुमखुमीत, काकांनी एका शेतकऱ्याला नांगरताना सापडलेल्या नाण्यांच्या गाडग्याची बातमी दिली. नाव, गाव, गट नंबर, सगळं चोख. तिसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्याच्या दारात पोलीस, आणि आठवड्यात गुप्तधनवाल्यांनी त्याचं उभं तुरीचं रान कमरेएवढं खणून ठेवलेलं. पुढच्या वर्षी तो माणूस गाव सोडून गेला. ते काकांना फार लागलं.

त्यानंतर ज्याला काही सापडेल तो त्यांच्याकडे यायचा आणि हात जोडायचा, "तांबटसाहेब, वस्तू सरकारात जमा करा, पण माझं नाव नको, जागा नको." पण जागेशिवाय बातमी पेपरवाले छापेनात. मग काकांनी एक युक्ती काढली. तालुक्याच्या कडेला एक उजाड सरकारी माळ होता. ना कुणाचा सातबारा, ना कुणाचं घर, गवतसुद्धा धड उगवायचं नाही. काका बिनदिक्कत लिहायचे, 'बोडक्या माळावर गुराख्याला प्राचीन नाणी सापडली.' पुढच्या खेपेला मणी. मग चिनी खापरं. कचेरीतला पंचनामाही बातमी समोर ठेवूनच उतरवला जायचा, म्हणजे सरकारी कागदावरही तेच. कुणाचं काय बिघडलं? कुणाचंच नाही. काकांना तर त्याचा मनोमन अभिमान होता. एकोणतीस घरं आपण वाचवली, असं ते काकूंना सांगायचे.

सभागृहात शेंडगेबाई पुढं सांगत होत्या, "एकाच माणसाच्या बातम्या म्हणून हाटनं आधी शंका घेतली. मग तिनं काकांच्या बाकीच्या चार हजार बातम्या तपासल्या. पाऊस किती पडला, अपघात कुठं झाला, सगळं इतर नोंदींशी ताडून पाहिलं. शंभरातल्या सत्त्याण्णव बातम्या तंतोतंत बरोबर! काका, अख्ख्या विभागात इतका खरा वार्ताहर दुसरा नाही."

खांद्यावरची शाल काकांना टोचायला लागली.

नोटीस पंधरा दिवसांनी आली. पेठ संरक्षणाचा नवा कायदा होता. हाटचा भरवसा पंच्याण्णव टक्क्यांवर गेला की ती जागा राखीव, आणि तिच्यावरची वस्ती दुसरीकडे हलवायची. बोडक्या माळाचा भरवसा निघाला होता शहाण्णव पूर्णांक चार. वसाहतीत एकच कल्लोळ झाला. ज्या बायकांनी जुन्या गावातून निघताना वेशीला मिठ्या मारून आक्रोश केला होता, त्यांच्या डोळ्याला आता पाणीसुद्धा येईना. त्या नुसत्या ओट्यावर बसून राहिल्या.

काकांनी दोन दिवस धीर गोळा केला. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रणिता अंगणात कपडे वाळत घालत होती, तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगून टाकलं.

तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"सगळ्या? एकोणतीसच्या एकोणतीस?"

"सगळ्या."

"आणि आम्हाला इथं प्लॉट मिळाला तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत?"

"अगं, तेव्हा त्याचं काय होतं? पेपर बंद पडलेला. रद्दीत गेलेल्या बातम्या कोण वाचणार, असं वाटलं."

"बाबा, तुम्ही सगळ्या तालुक्याची शेतं राखलीत," ती म्हणाली. "माझं अंगण तेवढं राहिलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि उरलेले कपडे वाळत घालायला लागली. त्या दिवसापासून जेवणाचं ताट खोलीत यायचं, पण ते घेऊन दिगंबर यायचा.

काका विभागीय कार्यालयात गेले. शेंडगेबाईंनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. काकांनी चहाला हात न लावता सांगितलं, "मॅडम, मी खोटं लिहिलं. तुम्हाला काय शिक्षा करायची ती करा, पण माळावर काहीही सापडलेलं नाही."

बाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, काकांची जबानी शब्दन्‌शब्द नोंदवली आणि त्यांच्यासमोरच हाटला दिली. पडदा क्षणभर स्तब्ध राहिला, मग आकडा बदलला. शहाण्णव पूर्णांक एक.

"बस?" काका म्हणाले. "मी स्वतः सांगतोय ना?"

"काका, ती असं बघते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "बातमी लिहिली तेव्हा तुमचा त्यात काही फायदा नव्हता. आज जबानी देताना तुमच्या लेकीचं घर जातंय. आणि मध्ये वीस-चाळीस वर्षं गेलीत. मग तिनं कुठल्या तांबटांचं ऐकायचं?"

"मी खऱ्या जागा सांगतो. सगळ्या तोंडपाठ आहेत."

"सांगा. पण त्या त्या मालकानं दुजोरा द्यायला हवा."

म्हातारा उन्हातान्हात तीन गावं फिरला. पहिल्या घरी चिनी खापरं सापडली होती. तिथल्या मुलानं बसायलाही सांगितलं नाही. "आमच्या वडलांना कधी काही सापडलं नाही," एवढं म्हणून दार लोटलं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरचे खंडेराव स्वतः हयात होते. काकांच्या पाया पडून 'तुम्ही माझं रान राखलंत' म्हणाले होते, तेच खंडेराव. त्यांनी काकांना ओळखलं, जवळ बसवलं आणि हात हातात घेतला.

"तांबटसाहेब, तुमचे उपकार मी विसरलो नाही. पण आता मी हो म्हणलो तर ते लाल टिंब माझ्या मळ्यावर येतंय. तीन पोरांची घरं हायती तिथं. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

काका उठले. वेशीपर्यंत खंडेराव सोडायला आले.

शेंडगेबाई वाईट नव्हत्या. त्यांनी वरिष्ठांशी भांडून एक गोष्ट मिळवली, ती म्हणजे माळावर चार चाचणी खड्डे. खाली काही निघालं नाही तर फेरविचार होईल. वसाहतीत पहिल्यांदा जीव आला. काकांना तर इतकी खात्री होती की ते खुर्ची टाकून खड्ड्याशेजारीच बसले. पहिला खड्डा, हातभर मुरूम आणि मग काळा खडक. दुसरा, तेच. तिसरा, तेच. त्या दुपारी प्रणितानं स्वतः चहा आणून दिला.

चौथा खड्डा नियमाप्रमाणे वस्तीच्या आत घ्यायचा होता. चिठ्ठी टाकली, ती प्रणिताच्या अंगणाची निघाली.

दीड हात खाली गेल्यावर खणणाऱ्या बाईनं कुदळ थांबवली आणि ब्रश मागितला. मातीतून हिरवट काचेचा मणी निघाला. मग लाखेच्या बांगडीचा तुकडा, मग निळ्या झिलईचं खापर, दोन बोटांएवढं. शेंडगेबाई खड्ड्यात उतरल्या, खापर हातावर घेऊन त्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग होता.

"हे कसं शक्य आहे?" काका ओरडले. "इथं काही नाही! मला माहीत आहे, इथं काही नाही!"

"बाबा," प्रणिता मागून म्हणाली. "ती पांढरी आहे."

मग तिनं सांगितलं. गाव म्हटलं की काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे जिच्यावर शेकडो वर्षं माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ती गावठाणाची माती. धानोरं बुडणार ठरलं तेव्हा घरटी चार-चार ट्रॉल्या पांढरी भरून लोकांनी इथं आणली आणि जोत्यात, अंगणात पसरली. पायाखाली आपल्या गावची माती असावी, एवढंच. पुजारीबुवांनी नारळही फोडला होता. चौसष्ट अंगणांत तीच माती होती. खापरं, मणी, जे काही होतं ते धानोऱ्याच्या पोटातलं होतं, आणि धानोरं आता ऐंशी फूट पाण्याखाली.

शेंडगेबाईंनी ते ऐकलं. मातीचा थर निरखला, मुरूम जिथं संपतो आणि पांढरी जिथं बसवल्यासारखी सुरू होते ती रेघ त्यांनी बोटानं चाचपली. "खरं बोलताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "ही भराव घातलेलीच माती आहे."

तशी नोंद त्यांनी केलीसुद्धा. पण हाटला बाजाराचा थर विस्कळीतच अपेक्षित होता, कारण बाजार कायम तुडवला जातो. तिथल्या उघड्या जागेवर भिंती सापडत नाहीत, रिकामे खड्डे निघतात, हेही तिला माहीत होतं. रिकामे तीन खड्डे तिनं मोकळं पटांगण मानले. चौथा तिनं पेठ मानली. भरवसा अठ्ठ्याण्णव पूर्णांक सात झाला.

"मॅडम, तुम्हाला पटलंय ना?" काकांनी हात जोडले. "मग तुम्ही लिहा की."

"मी लिहिलंय, काका. तीन पानं लिहिलीत. ती हाटनं वाचली आणि एका अधिकाऱ्याचं मत म्हणून बाजूला ठेवली. यापुढं मला काही करता येत नाही." त्यांनी डोळे पुसले का, हे काकांना दिसलं नाही, कारण काकांना स्वतःलाच नीट दिसत नव्हतं.

वसाहत हलली. चौसष्ट घरांनी या वेळी माती नेली नाही. प्रणितानं तर निघताना चपला झटकून घेतल्या.

नवी जागा दहा किलोमीटरवर, एका ओढ्याच्या काठी, हाटनंच निवडलेली. तिथं आजवर काहीही सापडल्याची एकही नोंद नव्हती. नकाशावर तिला हिरवा रंग होता आणि खाली लिहिलं होतं, 'निर्धोक'. आता फक्त एक सोपस्कार उरला होता. पाया खणताना काही आढळलं किंवा नाही, याचा प्रत्येक घरानं एक अर्ज भरून द्यायचा, म्हणजे जागा कायमची नावावर. काकांचं अक्षर चांगलं, त्यामुळे चौसष्ट अर्ज भरण्याचं काम त्यांच्याकडे आलं. लोकांनी त्यांना माफ केलं होतं असं नाही, पण लिहायला दुसरं कोण होतं?

पाये खणायला लागून चौथा दिवस. दुपारी काका झाडाखाली कागद लावत बसले होते. प्रणिता आली आणि तिनं पदराची गाठ सोडून समोर ठेवली.

"हे काय आहे, बाबा?"

काळ्या दगडाचे पाच गोटे होते, गुळगुळीत घासलेले. लहानाहून मोठा, त्याहून मोठा, प्रत्येकावर आडव्या रेघा कोरलेल्या. एक रेघ, दोन, चार. सोबत तांब्याचं पारडं होतं, वीतभर रुंद, कडेला साखळीची तीन भोकं. काकांनी दोन गोटे दोन तळहातांवर घेतले. एक रेघवाला एका हातात, दोन रेघांचा दुसऱ्यात. नेमका दुप्पट. तेवीस वर्षांत इतकं देखणं त्यांच्या हातात कधी आलं नव्हतं. कुणीतरी सातशे वर्षांपूर्वी इथं पाल टाकून बसलं होतं, या पारड्यात काहीतरी तोलत होतं, समोर गिऱ्हाइकांची झुंबड होती.

"किती खाली?" त्यांनी विचारलं.

"चार हात. आणि आपल्याकडेच नाही. शेलारांच्या पायात मणी निघालेत, ओंजळभर. खालच्या आळीत तर दगडी फरसबंदी लागलीय, लांबच लांब, दोन्हीकडं ओटे. कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे माझ्याकडं बघतात. तुम्हाला विचारून ये म्हणतात."

काकांनी समोर बघितलं. चौसष्ट खड्ड्यांच्या कडेला माणसं उभी होती, हातातली कामं थांबवून. दिगंबर मिक्सरच्या बटणावर हात ठेवून उभा होता. शेंडगेबाईंचा नंबर काकांच्या फोनमध्ये होता. एक फोन केला असता तर त्या धावत आल्या असत्या, आणि या वेळी त्यांना खरं वाटायला काहीच अडचण नव्हती. हाटला तर अजिबातच नाही.

त्यांनी गोटे पारड्यात ठेवले आणि पारडं लेकीच्या हातात दिलं.

"आत टाक," ते म्हणाले. "सगळ्यांना सांग, आहे तिथंच राहू द्या आणि वरून काँक्रीट घाला."

प्रणिता खड्ड्यापर्यंत गेली, वाकली. काकांनी मान फिरवली. मिक्सर सुरू झाला, मग शेलारांचा, मग खालच्या आळीतला. माती-दगडाचा आवाज बराच वेळ येत राहिला. काका अर्ज भरत होते. 'खोदकामात काहीही आढळले नाही', एकामागून एक, स्वच्छ, ठळक, वळणदार.

संध्याकाळी उन्हं उतरताना प्रणिता हात धुऊन आली आणि त्यांच्याशेजारी टेकली. कितीतरी महिन्यांनी ती अशी जवळ बसली होती.

"बाबा, खरंच पेठ होती का हो?"

"होती."

"मोठी?"

"फार मोठी, पोरी. तिला शोधता शोधता शेंडगेबाईंचा जन्म जाईल."

तिनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि विचारलं, "सही कुठं करू?"

काकांनी कागदावर बोट ठेवून जागा दाखवली.